झिरोचा बल्ब झिरो नसतो

प्रश्न : ताई, नमस्कार. कराडपासून थोडं आत आमचं जुनं दुमजली घर आहे. घरात आम्ही दोघं, दोन मुलं आणि सासूबाई. त्यांचं वय ७२. दिवाळीच्या आधी ह्यांनी आठवडी बाजारातून डझनभर एलईडी बल्ब आणले, फार स्वस्त मिळाले म्हणून. वरच्या दोन खोल्या, बाथरूम, संडास, जिना, माळा, अडगळीची खोली, सगळीकडे तेच लावले. वरच्या खोल्यांतले सीएफएल चांगले चालत होते, ते काढून खोक्यात ठेवलेत. चार महिन्यांत पाच नवे बल्ब गेले, त्यातले दोन बाथरूमच्या काचेच्या गोळ्यातले. अंगणातलाही बदलला होता, पण सासूबाई म्हणाल्या, ‘हा उजेड डोळ्यांत टोचतो’, आणि त्यांनी तिथे परत जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब लावून घेतला. स्वतःच्या खोलीत तर त्या नवा बल्ब लावूच देत नाहीत. स्वयंपाकघरात आणि माजघरात जुन्या ट्यूबलाइट आहेत. देवघरात झिरोचा लाल बल्ब असतो, तो दिवेलागणीला लावला की सकाळीच बंद होतो. जिन्यातला नवा बल्ब बटण बंद केलं तरी रात्रभर मिणमिणत राहतो, धाकटी त्याला घाबरते. एवढं करून बिल होतं तिथेच आहे, महिन्याला १२०-१३० युनिट. हे म्हणतात, चांगल्या कंपनीचे आणून सगळे पुन्हा बदलू. सासूबाई म्हणतात, पैसे पाण्यात गेले. मी मधल्यामध्ये. एलईडीने खरंच फायदा होतो का?

उत्तर : होतो, आणि चांगला होतो. तुमच्याकडे तो का दिसला नाही, ते तुमच्या पत्रातच लिहिलेलं आहे. तुमच्या यजमानांनी जे दिवे बदलले ते घरात सगळ्यांत कमी वेळ लागणारे आहेत. माळ्यावरचा दिवा महिन्यातून किती वेळा लागत असेल? अडगळीच्या खोलीतला? संडासातला दिवसाला जेमतेम अर्धा तास. आणि जे चार दिवे रोज तासन् तास जळतात, म्हणजे अंगणातला, स्वयंपाकघरातला, माजघरातला आणि देवघरातला, ते होते तसेच राहिले. बिल हलणार कुठून?

मी आयटीआयमध्ये वायरमन ट्रेड शिकवत होते. मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगायचे, की वॅट एकटा काही सांगत नाही, त्याला तासांनी गुणा. हजार वॅटची वस्तू एक तास चालली की एक युनिट. बाकी सगळं गणित यातूनच निघतं.

सुरुवात देवघरापासून करू. झिरोच्या बल्बला झिरो म्हणतात, पण तो झिरो वॅटचा नसतो. काचेचा, आत तार असलेला तो जुना बारका बल्ब साधारण १५ वॅट घेतो. पूर्वीच्या चकतीच्या मीटरमध्ये एवढ्याशा भारावर चकती नीट फिरायचीच नाही, म्हणून हा बल्ब फुकटात जळतो असा समज झाला आणि ते नाव चिकटलं. आताचा इलेक्ट्रॉनिक मीटर त्याचा पै न् पैचा हिशेब ठेवतो. १५ वॅट, रात्रीचे ११ तास, वर्षाचे ३६५ दिवस, म्हणजे ६० युनिट. तुमच्या जवळजवळ अर्ध्या महिन्याच्या बिलाइतकी वीज त्या एका लाल टिकलीत जाते. अर्ध्या वॅटचा एलईडी नाइट बल्ब त्याच होल्डरमध्ये बसतो, लाल रंगातही मिळतो, पन्नासेक रुपयांच्या आत येतो, आणि रोज रात्रभर ठेवला तरी वर्षाला दोन युनिट घेतो. सासूबाईंना ‘रात्री बंद करत जा’ असं अजिबात सांगू नका. देवापुढे रात्रभर उजेड असावा ही त्यांची श्रद्धा आहे, शिवाय रात्री उठल्यावर त्यांना वाट दिसते ती त्याच उजेडात. फक्त बल्ब बदला.

आता अंगणातला. ६० वॅट, संध्याकाळी सहा-साडेसहा ते अकरा म्हणजे पाच तास धरू. महिन्याला ९ युनिट. तिथे ९ वॅटचा एलईडी असता तर सव्वा ते दीड युनिट. तारेचा पिवळा बल्ब जी वीज घेतो तिचा जेमतेम विसावा भाग उजेडात जातो, बाकी सगळी उष्णता होऊन उडून जाते. हात लावला तर चटका बसतो तो त्याचाच. ल्युमेन हे उजेडाचं माप. ६० वॅटच्या बल्बचा उजेड साधारण ७०० ल्युमेन असतो, ९ वॅटचा चांगला एलईडी ८०० ते ९०० ल्युमेन देतो. म्हणजे उजेड थोडा जास्तच पडतो आणि वीज लागते सातवा हिस्सा.

तुमच्या जुन्या ट्यूबही बघा. ४० वॅटची ट्यूब म्हणून आपण निर्धास्त असतो, पण पट्टीत तो जड लोखंडी चोक असतो ना, रात्री गुणगुणतो तो, तो स्वतः आणखी १०-१२ वॅट खातो. स्वयंपाकघरातली ट्यूब पहाटेचे दोन तास आणि संध्याकाळचे चार तास धरली तर महिन्याला सव्वानऊ युनिट. २० वॅटची एलईडी पट्टी तेवढ्याच वेळात साडेतीन-पावणेचार युनिट घेते. माजघरातल्या ट्यूबचं असंच, पाच तास धरले तर पावणेआठवरून तीनवर.

या चार जागा मिळून महिन्याला सुमारे २३ युनिट वाचतात. आणि ही २३ युनिट कुठून कमी होतात ते समजून घ्या, कारण तिथेच खरा पैसा आहे. महावितरणच्या घरगुती दरात पहिल्या १०० युनिटांना एक दर आहे आणि १०१ ते ३०० च्या टप्प्यात तो जवळजवळ दुप्पट होतो. तुमचं बिल १२०-१३० चं. म्हणजे वरची २०-३० युनिट तुम्ही महाग दराने घेता. वाचवलेलं युनिट नेहमी वरच्या टोकाकडून कमी होतं, महागातलं आधी जातं. दर दरवर्षी बदलतात, नेमका आकडा तुमच्या बिलावर छापलेला असतो. मी हिशेबाला युनिटमागे १० रुपये धरते. महिन्याला २३० रुपये. दोन पट्ट्या, एक चांगला बल्ब आणि देवघरातला नाइट बल्ब यांचा खर्च वायरमनच्या मजुरीसकट हजाराच्या आसपास जाईल. चार-पाच महिन्यांत तो फिटतो.

याच्या समोर तुमच्या वरच्या खोल्यांतले सीएफएल ठेवून बघा. १५ वॅटचा सीएफएल काढून ९ वॅटचा एलईडी लावला, रोज तीन तास लागला, तर महिन्याला वाचतं अर्धं युनिट. पाच रुपये. ते चालू सीएफएल काढायलाच नको होते. खोक्यातले परत लावा आणि जातील तेव्हा बदला. यजमानांना हे सांगताना त्यांनी चूक केली असं सांगू नका. त्यांनी कळकळीनेच आणले होते. दुकानदार ‘डझन घ्या’ म्हणतो, ‘तुमच्या घरात कुठला दिवा किती तास जळतो’ असं विचारत नाही.

एक मात्र आधीच सांगून ठेवते. आता उन्हाळा लागतोय, पंखे सुरू होतील. जुना छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास घेतो. बारा तास चालला तर एकटा महिन्याला २७ युनिट. तेव्हा मे महिन्याचं बिल फेब्रुवारीच्या बिलाशी लावून बघितलंत तर वाटेल, दिवे बदलून उलट वाढलं. गेल्या मे महिन्याशी तुलना करा. बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, तो बघा.

पाच बल्ब का गेले

एलईडीने पैसे वाचतात ते तो टिकला तरच. चार महिन्यांत जाणारा बल्ब कितीही स्वस्त मिळाला तरी महागच.

गेलेले पाच बल्ब टाकून दिले नसतील तर त्यातला एक घ्या. होल्डरमधून काढलेला, हातात धरलेला, वीज नसलेला. वरची पांढरी प्लास्टिकची टोपी चाकूच्या टोकाने उचकटली की निघते. आत ॲल्युमिनियमची गोल चकती दिसेल आणि तिच्यावर आठ-दहा बारके पिवळे चौकोन. हेच दिवे. नीट बघितलंत तर एखाद्या पिवळ्या चौकोनाच्या मध्यावर काळा ठिपका दिसेल, टाचणीच्या टोकाएवढा. तो एक जळाला आणि सगळे एकाच साखळीत असल्यामुळे अख्खा बल्ब बंद पडला. मुलांनाही दाखवा, त्यांना आवडेल. फक्त उघडलेला बल्ब परत होल्डरमध्ये लावू नका, आतले भाग उघडे असतात आणि शॉक बसतो.

तो ठिपका बहुतेक वेळा उष्णतेने येतो. लोकांना वाटतं एलईडी गरम होत नाही. होतो, पण पिवळ्या बल्बसारखा समोर नाही, मागच्या बाजूला, मानेपाशी. चांगल्या बल्बमध्ये ती उष्णता बाहेर काढायला आत धातूचं जाडसर कवच असतं. बाजारातल्या फार स्वस्त बल्बमध्ये तिथे नुसतं प्लास्टिक असतं. शिवाय मानेत वीज बदलून देणारी एक बारकी पट्टी असते, ड्रायव्हर म्हणतात तिला. तिच्यावरचा कपॅसिटर उष्णतेने आतून सुकतो, त्याचं डोकं फुगतं. बाथरूमच्या बंद काचेच्या गोळ्यात हवाच खेळत नाही, म्हणून तिथले दोन आधी गेले. पिवळा बल्ब त्या गोळ्यात वर्षानुवर्षं टिकायचा कारण त्याला उष्णतेचं काही वाटत नाही. तिथे एलईडी लावायचा असेल तर गोळा काढून टाका, किंवा पाच वॅटचा लावा. बाथरूमला तेवढा पुरतो.

विकत घेताना खोक्यावर तीन गोष्टी वाचा. बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि त्याखाली ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक, तोही आयएस १६१०२ या मानकाचा. असे बल्ब या नोंदणीशिवाय विकायला परवानगीच नाही. बीआयएस केअर नावाचं मोबाइल ॲप आहे, त्यात तो क्रमांक टाकला की खरा की खोटा ते कळतं. दुसरं, वॅटबरोबर ल्युमेन लिहिलेत का. ल्युमेनला वॅटने भागा, ९० च्या पुढे आलं तर बल्ब बरा. तिसरं, गॅरंटी किती वर्षांची. बिल घ्या, आणि बल्ब लावताना त्याच्या मानेवर मार्करने तारीख टाका. माझ्या घरातल्या प्रत्येक बल्बवर तारीख आहे. एक दीड वर्षात गेला होता, दुकानात दाखवला, तिथल्या तिथे बदलून मिळाला.

आता चांगला बल्बही काही महाग राहिलेला नाही. २०१४ मध्ये ईईएसएल या सरकारी कंपनीने पहिल्यांदा घाऊक खरेदी केली तेव्हा तिला एक बल्ब ३१० रुपयांना पडला होता. दोनच वर्षांत, २०१६ मध्ये, तो दर ३८ रुपयांवर आला. उजाला योजनेत ७० रुपयांना मिळायचे ते हेच बल्ब, देशभरात ३६ कोटींहून जास्त वाटले गेले. आज शंभरच्या आसपास गॅरंटीचा बल्ब मिळतो. तीस-चाळीस रुपये वाचवायला बिनानावाचा घेण्यात अर्थ नाही.

सासूबाईंचं म्हणणं

यावर मला सगळ्यांत जास्त लिहायचं आहे, कारण तुमच्या पत्रात त्यांचं म्हणणं तक्रारीसारखं आलंय आणि माझ्या मते त्यांचंच बरोबर आहे.

वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळसर आणि धूसर होत जातं, बाहुलीही पूर्वीसारखी मोठी होत नाही. साठीच्या माणसाच्या पडद्यापर्यंत विशीतल्या मुलाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो. म्हणून म्हाताऱ्या माणसांना उजेड जास्त लागतो. पण त्याच धूसर भिंगात उजेड विखुरतो, पावसाने भिजलेल्या काचेतून समोरच्या गाडीचा दिवा दिसावा तसा. म्हणून उघडा, छोटा, प्रखर दिवा समोर आला की त्यांना टोचतो. जास्त उजेड हवा आणि दिवा मात्र डोळ्यांसमोर नको, दोन्ही एकदम खरं असतं. घरातल्यांना वाटतं, म्हातारी एकदा म्हणते दिसत नाही, एकदा म्हणते बोचतं. असं बोललेलं मी कितीतरी घरांत ऐकलं आहे आणि दर वेळी मला वाईट वाटलं आहे.

त्यातून एलईडी बल्बचा उजेड पिवळ्या बल्बसारखा चहूकडे पसरत नाही, टोपीच्या दिशेने समोर पडतो. जुन्या घरांत होल्डर भिंतीवर आडवा असतो. पिवळा बल्ब तिथे चालून जायचा. एलईडी लावला की तो थेट समोर बसलेल्याच्या तोंडावर येतो. तुमच्या सासूबाई संध्याकाळी जिथे टेकतात तिथे तुम्ही स्वतः बसून बघा, दिवा डोळ्यांसमोर येतोय का. येत असेल तर होल्डरचं तोंड वर भिंतीकडे किंवा छताकडे फिरवून घ्या, किंवा दुधी काचेची शेड लावा. उजेड भिंतीवर आपटून आला की मऊ होतो.

दुसरं म्हणजे रंग. आपल्याकडे दुकानात ‘एलईडी द्या’ म्हटलं की निळसर पांढरा हातात पडतो, खोक्यावर ६५०० के लिहिलेला. हा आकडा उजेडाच्या रंगाचा. २७०० ते ३००० म्हणजे आपला जुना पिवळा, ४००० म्हणजे मधला, ६५०० म्हणजे भर दुपारचा पांढरा. सासूबाईंच्या खोलीत आणि अंगणात ३००० चा लावा, दुकानात ‘वॉर्म व्हाइट’ मागा. अंगणात तर पिवळाच हवा, कारण पाखरं आणि किडे निळसर उजेडाकडे जास्त धावतात. पावसाळ्यात दाराशी त्यांचा खच पडतो तो पिवळ्याखाली कमी पडेल.

स्वयंपाकघराचं गणित थोडं वेगळं. एलईडीचा पांढरा उजेड मुळात निळ्या दिव्यातून तयार होतो. तुम्ही बल्ब उघडाल तेव्हा जे पिवळे चौकोन दिसतील त्यांच्याखाली निळा दिवा असतो, वर पिवळ्या रसायनाचा लेप, आणि दोन्ही मिळून पांढरं दिसतं. हा निळा दिवा बनवणं इतकं अवघड होतं, की तो बनवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पण निळा आणि पिवळा मिळून होणाऱ्या पांढऱ्यात लाल कमी पडतो. हलक्या बल्बखाली कुंकू तपकिरी दिसतं, टोमॅटो शिळा वाटतो, आणि कांदा लालसर झालाय की करपायला लागलाय ते वासावरून ठरवावं लागतं. खोक्यावर सीआरआय म्हणून एक आकडा असतो, तो रंग किती खरे दिसतात ते सांगतो. ८० च्या खाली घेऊ नका, स्वयंपाकघराला ९० चा मिळाला तर उत्तम. रंग ४००० के.

आणखी एक. बाजारातल्या स्वस्त बल्बचा उजेड सेकंदाला शंभर वेळा लपलपतो. डोळ्यांना दिसत नाही, पण काहींचं डोकं चढतं. मोबाइलचा कॅमेरा सुरू करून बल्बजवळ धरा. पडद्यावर काळे जाड पट्टे सरकताना दिसले, तर तो बल्ब सासूबाईंच्या खोलीत नको, मुलांच्या अभ्यासाच्या टेबलावरही नको.

माझी एक विनंती आहे. बल्ब आणायला जाल तेव्हा सासूबाईंना बरोबर न्या. दुकानात ३००० आणि ४००० दोन्ही लावून दाखवायला सांगा आणि त्यांना ठरवू द्या. त्यांच्या खोलीत पोथी वाचायची जागा असेल तर तिथे खांद्याच्या मागून पुस्तकावर पडेल असा वेगळा दिवा द्या, पाच-सात वॅटचा. छताचा मोठा दिवा वाढवून वाचायला सोपं जात नाही. आणि दिव्यांभोवती कडं दिसतं का, असं त्यांना एकदा विचारा. हो म्हणाल्या तर मोतीबिंदूसाठी डोळे तपासून घ्या, बल्बवर सोडू नका.

ट्यूब बदलताना

जुन्याच पट्टीत बसणारी एलईडी ट्यूब मिळते. तिचा मोह टाळा. चोक तसाच ठेवला तर तो वीज खात राहतो, आणि काही ट्यूबना आतलं वायरिंग बदलून घ्यावंच लागतं, नाहीतर त्या उडतात. सरळ नवी एलईडी पट्टी लावा, चोक-स्टार्टरचा प्रश्नच मिटतो. जुना चोक भंगारवाला वजनावर घेईल, त्यात तांबं असतं. जुन्या ट्यूब आणि सीएफएल मात्र भंगारात किंवा घंटागाडीत उघड्या टाकू नका, त्यात थोडा पारा असतो. कागदात गुंडाळून खोक्यात ठेवा आणि ई-कचरा गोळा करतात तिथे द्या. चुकून फुटलीच तर पंखा बंद करा, खिडक्या उघडा, मुलांना बाहेर काढा, पंधरा मिनिटांनी पुठ्ठ्याने तुकडे गोळा करा. केरसुणी फिरवू नका, तिने पारा आणखी पसरतो.

जुने पिवळे बल्ब फेकायची घाई नाही. गावात कुणाकडे कोंबडीची पिल्लं असतील तर थंडीत त्यांना ऊब द्यायला हाच बल्ब लागतो. एलईडी तिथे उपयोगाचा नाही.

जिन्यातला मिणमिणता बल्ब

हे मी शेवटी लिहितेय, पण तुम्ही सगळ्यांत आधी करा.

बटण बंद असताना एलईडी मिणमिणतो त्याची दोन तऱ्हेची कारणं असू शकतात, साधी आणि धोक्याची. जिन्याला खाली-वर दोन बटणं असतात, त्यांच्या वायरी एकमेकींना चिकटून लांबवर गेलेल्या असतात, आणि चालू वायरीतून शेजारच्या वायरीत किंचित वीज उतरते. किंवा बटणातच अंधारात चमकणारा लाल इंडिकेटर असतो, त्यातून थोडी वीज जाते. ही दोन्ही निरुपद्रवी. धोक्याचं कारण वेगळं आहे. वायरिंग करणाऱ्याने बटण फेजवर, म्हणजे वीज आणणाऱ्या जिवंत वायरीवर बसवायच्या ऐवजी न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या वायरीवर बसवलेलं असतं. तसं असेल तर बटण बंद केल्यावर दिवा विझतो, पण होल्डरमध्ये वीज जिवंतच असते.

तुमच्याकडे कदाचित ही चूक तीस-चाळीस वर्षांपासून असेल आणि कुणाला कळली नसेल. एवढ्या किंचित विजेने पिवळ्या बल्बची तार तापत नाही, म्हणून तो गप्प राहायचा. एलईडीला मिणमिणायला तेवढी पुरते. तेव्हा बल्ब खराब आहे म्हणून तो बदलून विषय संपवू नका.

माझ्या माहेरच्या घरी असंच होतं. मी तेव्हा कॉलेजात होते. माजघरातला बल्ब होल्डरमध्ये अडकला होता. बटण बंद केलं, स्टुलावर चढले, बल्ब ओढला तर त्याचं पितळी बूड होल्डरमध्येच राहिलं. ते काढायला बोट घातलं. पुढचं आठवतं ते जमिनीवरून दिसणारं छत आणि आईचा आवाज. मनगट मोडलं होतं, दीड महिना प्लास्टरमध्ये होतं. नंतर काकांनी टेस्टर लावून बघितलं तर बटण बंद असतानाही होल्डरच्या पिनेवर टेस्टर पेटत होता. नंतर मी हा विषय शिकले आणि पुढे शिकवला, त्याच्या मुळाशी तो दिवस आहे.

वायरमनला बोलवा आणि नेमकं हेच सांगा, ‘जिन्याचं बटण फेजवर आहे की न्यूट्रलवर ते बघा, आणि घरातली बाकीची बटणंही तपासा.’ जुन्या घरात एक चूक सापडली की तशाच आणखी दोन-तीन निघतात. तपासायला तासभर लागतो आणि बटणाच्या दोन वायरी बदलल्या की काम होतं. त्याच फेरीत पट्ट्याही बसवून घ्या, मजुरी एकदाच जाईल. घराला आरसीसीबी नसेल तर त्याचाही भाव विचारा. शॉक बसताक्षणी तो वीज तोडतो, आणि घरात मुलं असताना मी तो बसवलाच असता.

धाकटीला सांगा, की तो बल्ब भुताने पेटत नाही, वायरीतून उतरलेल्या थोड्याशा विजेने पेटतो, आणि वायरमनकाका येऊन तो बंद करणार आहेत. तोवर घरातला कुठलाही बल्ब काढायचा-घालायचा झाला तर बटणावर विसंबू नका, मेन पाडूनच हात लावा. जिन्यातल्या त्या होल्डरला तर वायरमन येईपर्यंत कुणालाच हात लावू देऊ नका.